जतन व सुशोभीकरण

माझ्या हातचा अर्ज कधी परत येत नाही, असं मी वर्षानुवर्षं नाक वर करून सांगत आले. एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलापासून सुरुवात करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली बाई मी; 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द माझ्या पेनातून मला न विचारता बाहेर पडतात. निवृत्तीनंतरही सोसायटीतले लोक पाण्याचा दाब कमी असल्याचा, वीजमीटरचा, आधारकार्डावरच्या नावातल्या चुकीचा अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायचे आणि जाताना म्हणायचे, "मॅडमचा ड्राफ्ट म्हणजे ड्राफ्ट!" मला ते फार आवडायचं. आता कोणी तसं म्हटलं की शिसारी येते. त्याला कारण एक झाड आहे, आणि मी स्वतः आहे.

झाड बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात, आमच्या सोसायटीच्या गेटपासून थोड्याच पावलांवर होतं. बेहड्याचं. मी वाढले उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. आमच्या बराकीसमोर एक जुना शिरीष होता, पण त्याला झाड म्हणावं असं लोकांनी त्याचं काही ठेवलंच नव्हतं. खोडात शेजारच्या वर्कशॉपवाल्यांचे खिळे आणि हूक, जाड फांदीला इंजिन उचलायची चेनपुली, बुंध्याशी काळं तेल आणि पानाच्या पिचकाऱ्या. आम्ही पोरं त्याच्याकडे खांब म्हणूनच बघायचो. त्यामुळे फ्लॅट घेऊन बदलापूरला आलो आणि हा बेहडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी काय शोधलं असेल तर खिळे. सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं. एकही नव्हता.

असा उंच सोट, की मान मोडायची. साल निळसर राखाडी, बुंध्याशी मुळांच्या भिंती उभ्या राहिलेल्या. माघात सगळी पानं टाकून उघडा व्हायचा आणि उन्हाळा सुरू झाला की तांब्याच्या रंगाची कोवळी पालवी यायची. मग फुलोरा. बेहड्याच्या फुलांना एक जड, आंबूस, डोकं धरायला लावणारा वास असतो. सोसायटीतल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या आणि 'ड्रेनेज चोकअप झालंय' म्हणून वॉचमनला पिटाळायच्या. मला त्या वासाचं कधी काही वाटलं नाही. माणसांनी केलेले याहून घाण वास मी पुढे त्याच जागी घेतले.

झाडाखाली एक भाजीवाली बसायची. हेंद्रेपाड्यातलीच, मूळ गावातली, सत्तरीला आलेली. सगळे तिला मावशी म्हणतात, मीही. ती मला 'बाय' म्हणते. शेवग्याच्या शेंगा, माठ, आणि पावसाळा लागला की रानभाज्या असा तिचा माल. गोणपाट अंथरून झाडाच्या दोन मुळांच्या मधल्या बेचक्यात पाठ टेकून बसायची. लग्न होऊन आल्यापासून तिची हीच जागा. एकदा मी तिला विचारलं, की आजूबाजूची सगळी झाडं गेली, हेच कसं राहिलं?

"भूत हाय ना त्याच्यावर," मावशी म्हणाली. "बेरड्याखाली कोन थांबायचा नाय. माझ्या सासूची वरात आली ना, ती पन झाडाला वळसा घालून नेली, नवरी मुलगी म्हनून. लाकडाला कोयता लावायचा मंजे अंगावर काटा."

"मग तू कशी बसतेस?"

"मी पोटासाठी बसली पयल्या दिवशी. भुताला सांगितला, मना बसू दे, तुला मी राखीन." आणि ती बोळकं पसरून हसली. तिच्या घरात झाडाचा उल्लेख बेरडा असाच व्हायचा, आणि त्याच्या भुताशी तिचं असं शेजारणीसारखं होतं.

मग रस्ता रुंद व्हायचं ठरलं. एका सकाळी दूध आणायला खाली उतरले तर बेहड्यावर लाल रंगाची फुली आणि खाली नंबर. मावशी आपल्या जागेवर होती, पण टोपली उघडली नव्हती. तिने मला बघितलं आणि एवढंच म्हणाली, "बाय, तू लिवतेस ना कागद? लिव की."

मी लिहिलं. किती हौसेने लिहिलं ते आठवलं की आज अंगावर पाल पडल्यासारखं होतं. पन्नास वर्षांपेक्षा जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि मग ते असं सहज तोडता येत नाही, हे मला माहीत होतं. वयाचा पुरावा लागणार होता. उद्यान विभागातले साहेब तरुण होते, बोलायला गोड, ते म्हणाले, "मॅडम, बुंध्याचा घेर आणि कोणा जुन्या माणसाचा जबाब जोडा." घेर मोजायला सोसायटीतल्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईची टेप आणली. ती पुरेना. मावशीने डोक्याचं सुती फडकं सोडलं, टेपला जोडलं, आणि आम्ही दोघी झाडाच्या दोन बाजूंनी एकमेकींना हाका मारत ते मोजलं. जबाबात तिने वरातीचीच गोष्ट सांगितली. मी ती लिहिताना भूत काढून टाकलं. सरकारी कागदावर भूत कसं चालेल? 'सदर वृक्षास स्थानिक रहिवाशांच्या मनात पूर्वापार विशेष स्थान आहे' असं घातलं.

आणि विषय. अर्जाचा जीव विषयाच्या ओळीत असतो, हे मी माझ्या हाताखालच्या कित्येक मुलींना शिकवलं आहे. मी आधी लिहिलं, 'वृक्षाचे जतन होणेबाबत'. वाचून बघितलं तर लंगडं वाटलं. आमच्या कागदांवर शब्द एकटा जात नाही, त्याला जोडीदार लागतो: देखभाल व दुरुस्ती, साफसफाई व निर्जंतुकीकरण, चौकशी व कार्यवाही. नोकरीभर हात तसाच वळलेला. एका सेकंदाचाही विचार न करता मी पुढचा शब्द जोडला: 'सदर वृक्षाचे जतन व सुशोभीकरण होणेबाबत.' ओळ कशी भरल्यासारखी झाली.

अर्ज द्यायच्या आधी मी तो मावशीला झाडाखाली वाचून दाखवला. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ता सुशोबीकरन मंजे काय गो?"

"म्हणजे झाड छान दिसेल असं करायचं."

तिने वर फांद्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छानच हाय की," ती म्हणाली.

मी हसले. अडाणी बाई, तिला काय कळतंय ऑफिसचं, असं मनात म्हटलं. हो, म्हटलं. इथे ते लपवण्यात अर्थ नाही.

अर्ज मंजूर झाला. फुलीवर पांढरा पट्टा ओढला गेला, रस्ता झाडाला वळसा घालून गेला, आणि मावशीने मला टोपलीभर शेंगा दिल्या. उद्यान विभागातल्या साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. म्हणाले, "मॅडम, नुसतं जतन लिहिलं असतं तर मी अडकलो असतो. जतनाला आमच्याकडे बजेटचं हेडच नाही. सुशोभीकरणाला आहे. बरं झालं तुम्ही दोन्ही घातलंत." मी फोन ठेवला आणि चहा टाकला. आपल्या ड्राफ्टची ही पावती आहे असं मला वाटलं.

आता त्या झाडाचे दिवस सुरू झाले. आधी बोर्ड आला. 'वारसा वृक्ष' असं वर मोठ्या अक्षरात, त्याखाली आमच्या भागातल्या माजी नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. आणि सर्वांत खाली झाडाचं नाव: 'वटवृक्ष'. बहुतेक बोर्ड छापणाऱ्या दुकानात तयार मजकूर होता, त्याने तोच उचलला. बोर्ड लावला कशाने? चार इंची खिळ्यांनी, थेट खोडात. त्या झाडाच्या आयुष्यातले पहिले खिळे ते जपल्याच्या आनंदात ठोकले गेले.

मी भाऊंच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, की हा वड नाही, बेहडा आहे. समोर बसलेला कार्यकर्ता मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "मॅडम, झाड वाचलं ना? मग वड काय नि बेहडा काय!" आणि पुढच्याच आठवड्यात वटपौर्णिमा आली. आमच्या घरी हा सण नाही. आजोबांच्या पिढीपासून आम्ही बुद्धाला मानणारे. त्यामुळे मला त्यातलं फारसं कळत नाही, पण वड कसा दिसतो एवढं कळतं. नव्या टॉवरांतल्या नटूनथटून आलेल्या बायका बेहड्याला सूत गुंडाळत होत्या. त्यातली एक माझ्या ओळखीची, बँकेत काम करणारी. मी तिला हळूच म्हटलं, "अहो, हा वड नव्हे." तिने शांतपणे बोर्डाकडे बोट दाखवलं. "लिहिलंय ना तिथे?" लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा, हे तर मी जन्मभर करत आले होते. मावशी मात्र आपल्या बेचक्यातून ते सगळं बघत होती आणि पोट धरून हसत होती. "भूत घाबरला असंल," ती म्हणाली. "एवढ्या बायकांनी सात जन्म मागितले त्याच्याकडे!"

ते निदान हसण्यासारखं तरी होतं. पाठोपाठ पर्यावरण दिनाला जे झालं त्यावर हसूही येईना. झाडाचा वाढदिवस करायचं भाऊंनी ठरवलं. मांडव, डीजे, बुंध्याभोवती फुगे, आणि टेबलावर झाडाच्या आकाराचा केक, हिरव्यागार क्रीमचा. वाढदिवस कितवा, ते कोणालाच माहीत नसल्यामुळे मेणबत्ती नुसतीच प्रश्नचिन्हाची आणली होती. भाऊंनी केक कापला, कार्यकर्त्यांनी एकमेकांच्या तोंडाला फासला, आणि मग कोणीतरी ओरडलं, "अरे बर्थडे बॉयला भरवा की!" भाऊंनी मूठभर क्रीम घेतलं आणि झाडाच्या सालीला चोपडलं. टाळ्या पडल्या. पाठोपाठ सगळ्यांनीच चोपडलं. दुपारपर्यंत त्या उन्हात क्रीम वितळून ओघळलं, मुंग्यांच्या रांगा लागल्या, माश्या घोंघावू लागल्या, कुत्री बुंधा चाटून तिथेच मुतून गेली. मावशी बादलीने पाणी आणून फडक्याने साल पुसत होती. तेल-साखरेचं ते चिकट हिरवं काही केल्या निघत नव्हतं. मी तिला मदत करायला वाकले आणि त्या वासाने मला खरोखरच उमासा आला. बाजूला जाऊन तोंड धुवावं लागलं.

दसरा झाला आणि सुशोभीकरण आलं. ब्रेकर मशिन घेऊन माणसं आली आणि झाडाभोवती गोल खणायला लागली. मावशीला सांगितलं, "मावशी, काम होईस्तोवर समोर बस." ती सार्वजनिक संडासाच्या भिंतीला टोपली घेऊन बसली. संध्याकाळी मी गेले तेव्हा खड्ड्याच्या कडेला मुळांचे तुकडे पडले होते, मांडीएवढे जाड. कापलेला भाग ओला होता. सुपरवायझर उल्हासनगरच्या कॅम्प पाचचा होता, मोबाईलवर नकाशा बघत उभा. मी त्याच्यावर तोंड सोडलं. तो मुळीच चिडला नाही.

"मॅडम, ऑर्डर में जो लिखा है वो कर रहा हूँ," तो म्हणाला. "जड़ काटे बिना कट्टा गोल कैसे आएगा? ऊपर ग्रॅनाइट लगेगा, एकदम मस्त दिखेगा. देखना आप."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला मी उद्यान विभागात. साहेब मीटिंगला जायच्या गडबडीत होते, तरी त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, हे थांबवा, झाड मरेल. त्यांनी फाइल मागवली आणि माझ्यापुढे उघडून धरली. कामाच्या आदेशावर 'संदर्भ' म्हणून पहिल्याच ओळीत माझा अर्ज होता. माझं अक्षर, माझी सही, माझी ती भरल्यासारखी ओळ. त्यातल्या 'सुशोभीकरण' शब्दाखाली कोणीतरी हिरव्या शाईने रेघ मारली होती. 'जतन'खाली काही नव्हतं.

"तुम्हीच मागितलंय ना, मॅडम?" साहेब म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं मी का भांडते आहे.

मी तिथल्या तिथे दुसरा अर्ज लिहून दिला, काम थांबवण्याचा. तो आवक झाला, नंबर पडला. काम थांबलं नाही. मी माहिती अधिकारात विचारलं आणि उत्तर येईपर्यंत ग्रॅनाइट बसला. खोडाला अगदी चिकटून काँक्रीट, बोटभर माती उघडी नाही. त्यावर पेव्हर ब्लॉक. खोडाला पुरुषभर उंचीपर्यंत ऑइल पेंट. पूर्वी लोक गेरू-चुना लावायचे तोही बरा म्हणायचा, हा तर चकचकीत लाल आणि पांढरा. त्यावर लाइटच्या माळा, स्टेपलरने मारलेल्या. आणि समोर हृदयाच्या आकाराची लोखंडी चौकट, तिच्यात उभं राहून सेल्फी काढायची. मावशीचं मुळांमधलं बेचकं सिमेंटखाली गेलं होतं. कट्ट्यावर पाटी: 'येथे विक्रेत्यांस बसण्यास सक्त मनाई आहे'.

उद्घाटनाला मला बोलावलं. मी जायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरीही गेले, कारण निमंत्रणपत्रिकेवर माझं नाव छापलं होतं. माईकवरून 'ज्यांच्या पत्रव्यवहारामुळे हा वारसा आज दिमाखात उभा आहे' अशी माझी ओळख करून दिली. भाऊंनी शाल घातली, नारळ दिला, आणि प्लास्टिकच्या कुंडीत एक रोप. रोपही प्लास्टिकचंच निघालं, ते घरी आल्यावर कळलं. मी भाषणात सगळं बोलणार होते. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. माईक हातात आला, समोर सोसायटीतले लोक मोबाईल धरून उभे होते, आणि मी म्हणाले, "सर्वांचे आभार." बस्स. समोर संडासाच्या भिंतीशी मावशी उभी होती. माझी शाल बघत होती. ओल्या पेंटचा वास नाकात गेलेला, आणि माझी मलाच एवढी घाण वाटली की घरी येऊन ती शाल मी बाथरूमच्या माळ्यावर फेकली. अजून तिथेच आहे.

माघात झाडाने पानं टाकली. नेहमीसारखीच, असं मी स्वतःला समजावलं. फाल्गुन सरला, तांब्याची पालवी आली नाही. मी साहेबांना फोन केला, ते म्हणाले, "मॅडम, पानगळीचं झाड आहे, थोडा धीर धरा." फुलोऱ्याचा काळ आला आणि गेला. सोसायटीतल्या बायका खूश होत्या, यंदा वास नाही म्हणून. बँकेतली ती बाई तर मला म्हणाली, "कट्टा केल्यापासून किती हायजिनिक झालंय ना?"

एका दुपारी कट्ट्यावर कोणी नव्हतं. मावशीने मला हात करून बोलावलं. कट्ट्यावर चढून, पेंटच्या वर जिथे साल उघडी होती, तिथे तिने भाजीच्या सुरीने थोडं खरवडलं. आत हिरवं असायला हवं होतं. तपकिरी, कोरडं होतं, भुसा पडला. पेव्हर ब्लॉकच्या फटीतून बुंध्याशी पिवळट भूछत्रं वर आली होती आणि खालून कुजका वास येत होता, गटारापेक्षा वाईट. मावशीने सुरी पदराला पुसली.

"मेला गो," ती म्हणाली. माणसाबद्दल बोलावं तसं.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी भाऊंना शिव्या घातल्या, ठेकेदाराला घातल्या, साहेबांच्या हिरव्या शाईला घातल्या. ती ऐकत राहिली. मग टोपलीतला माठ निवडायला बसली. माझं नाव तिने घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही.

पावसाळ्यात एक वाळकी फांदी सेल्फीच्या चौकटीवर पडली. माणसं वाचली, पण धावपळ झाली. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या दारात. "मॅडम, झाड धोकादायक झालंय. तोडायचा अर्ज तुम्हीच लिहा. तुमचा लगेच पास होतो." मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. आयुष्यात पहिल्यांदा असं केलं. त्यांचं काही अडलं नाही. माझ्या जुन्या अर्जाचा फोटो त्यांच्या व्हॉट्सअॅपमध्ये होता. त्यांनी त्याचीच नक्कल करून विषय बदलला: 'सदर वृक्षाचे निष्कासन व परिसराचे सुशोभीकरण होणेबाबत'. चार दिवसांत मंजूर. झाड कापलं त्या दिवशी मी खिडक्या लावून बसले होते, तरी करवतीचा आवाज आत येत होता. आता तिथे गोल कट्टा आहे, मधोमध ग्रॅनाइटची चकती. चौकट दुरुस्त झाली. लोक अजून सेल्फी काढतात, कशाबरोबर ते त्यांनाच ठाऊक.

मी रस्ता बदलला. गेटमधून उजवीकडे वळायची ती डावीकडे वळायला लागले, भाजी स्टेशनजवळच्या दुकानातून आणायला लागले. दुकानातली भाजी शिळी असायची, तरी तीच घ्यायचे. मावशीच्या समोरून जायची हिंमत होत नव्हती. माझ्यासारख्या फटकळ बाईने एका म्हातारीला तोंड चुकवत महिनेच्या महिने फिरावं, याचीही लाज वाटायची, पण लाज वाटून पाय काही उजवीकडे वळेनात.

शेवटी तिनेच मला गाठलं, पिठाच्या गिरणीत. "बाय, चल," म्हणाली. दळण तिथेच ठेवून मी तिच्या मागून निघाले. गावातल्या घरांच्या मधून, बोळांतून, कोंबड्या हाकलत ती मला एका ठिकाणी घेऊन गेली. तिथे एक झाड होतं. मोठं, जुनं, पानापानांनी भरलेलं, आणि बुंध्याशी नुसती माती. कोणतं झाड आणि कुठे, ते मी इथे लिहीत नाही.

मी बघतच राहिले. माझा हात आपसूक सालीकडे गेला. घेर किती असेल, याचा अंदाज मनात सुरूही झाला होता. मावशीने माझं मनगट धरलं.

"याच्यावरून पुढचा रस्ता जातोय असा लोक बोलतात," ती म्हणाली. "तुला कोन सांगंल, वाचवायला कागद लिव. मी पन एकदा सांगितला तुला. आता सांगते, नको लिवू. आमी बघू आमचा काय ता. याच्यावर भूत हाय असा उठवून देऊ, पोरा घाबरतील, कायपन करू. तू लिवू नको."

"नाही लिहिणार, मावशी."

"शपथ घे."

मी घेतली. तिने मनगट सोडलं. मी दळणासाठी परत निघाले आणि बोळाच्या टोकाला वळून बघितलं. ती झाडाला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात मागे बुंध्यावर टेकवलेले, आणि मी दिसेनाशी होईपर्यंत ती तिथून हलली नाही.